आधी सगळे लिव्हर खाली घ्या, मग हार्प लावा

तुम्ही लिहिलंय की पहिलं ब्रेटन, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं, गाणं हार्पवर बरं बसलं, पण पुढच्यात बी-फ्लॅट (अर्धा स्वर उतरलेला बी) आला आणि आता दर वेळी किल्लीने तारा उतरवाव्या लागतात. वाचून पोटात गोळाच आला. ब्रिटनीतल्या रेन शहरात राहत होते तेव्हा माझं अख्खं पहिलं वर्ष ह्यातच गेलं.

हात कसा ठेवायचा वगैरे तुम्हाला येत असणार, ते सोडते. तुमची हार्प बहुधा लिव्हर (प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाची छोटी कळ) खाली ठेवून सी मेजरमध्ये लावलेली आहे. माझीही तशीच होती. जिथून भाड्याने आणली त्या ऑफिसात विचारलं, तर 'नव्यांना हेच सोपं' म्हणाले. अहो, लिव्हर तार अर्ध्या स्वराने चढवतो, उतरवत नाही! मी प्रत्येक सप्तकातली बीची तार खुंटीवरून उतरवायची, गाणं झालं की पुन्हा चढवायची. चार तारा तुटल्या. पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले, दोन पत्रांना उत्तर नाही. अजून राग येतो, कारण एका वाक्याचं काम होतं: सगळे लिव्हर खाली घेऊन ई-फ्लॅट मेजरमध्ये लावा.

त्यात ई, ए आणि बी अर्धा स्वर उतरलेले असतात; मग त्यांचे लिव्हर वर केले की सी मेजर तयार. त्याच तारांवर डीला सा धरा, काफी थाट मिळेल. बीचे लिव्हर खाली केले की आसावरी. कितीतरी ब्रेटन चाली ह्या दोन्हींच्या आसपास फिरतात.

आता माझं मत. मी शिक्षिका नाही, पटलं नाही तर सोडून द्या. नुसत्या नोटेशनवरून ही गाणी बसवू नका. ब्रिटनीत हार्प पुन्हा रुजली ती विसाव्या शतकात. ब्रेटन हार्पवादक आलां स्तिवेलसाठी त्याच्या वडिलांनी 1953 मध्ये हार्प बनवली. गाणी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होती. म्हणून गाणारे ऐका, त्यातही 'कान हा दिस्कान', म्हणजे दोघांनी आळीपाळीने गायची ब्रेटन पद्धत. पहिल्याच्या ओळीची शेवटची अक्षरं दुसरा त्याच्याबरोबरच उचलतो आणि तीच ओळ पुन्हा गातो. मी ते असं वाजवते: उजव्या हाताच्या ओळीच्या शेवटच्या दोन-तीन स्वरांत डावा हात खालच्या सप्तकात मिसळतो, उजवा थांबतो, ओळ डाव्याची होते. कॉर्ड अजिबात नाहीत. 'फेस्ट-नोझ'मध्ये (रात्रीच्या ब्रेटन नाचाच्या मेळाव्यात) करंगळीत करंगळी अडकवून 'आन द्रो' हा साखळीनाच नाचणाऱ्यांना ठेका स्पष्ट लागतो, आणि खालच्या जाड तारा घुमत राहिल्या की तो बुडतो. त्या डाव्या तळव्याने वेळच्या वेळी दाबा.

ई-फ्लॅटमध्ये आणल्यावर तारा दोन-चार दिवस सरकतील, रोज लावत राहा. लिव्हर वर केल्यावर एखादी तार खरखरली तर तो स्वतः वाकवू नका, हार्प दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घ्या.