मामांची गिटार ठेवू की विकू?

प्रश्न : मामा वारले, त्यांची कोलकात्यात बनलेली जुनी अकॉस्टिक गिटार माझ्याकडे आली. लेबल निम्मं उडालंय, मॉडेल कोणीच ओळखत नाही. तारा इतक्या उंच की बोटं सोलतात. दुकानदार 1,200 रुपये देतो म्हणतो. देऊन टाकू?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, आत्ताच देऊ नका. आधी मधल्या गोल भोकाची कड उजेडात पाहा. थर दिसले तर वरची फळी प्लायवूडची. तिचा आवाज अखंड लाकडासारखा खुलत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या 45 अंशांच्या कोरड्या मे महिन्यात तीच कमी तडकते. माझी अखंड फळीची गिटार टिनाच्या खोलीत एका दुपारी ब्रिजपासून, म्हणजे तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीपासून, खाली चिरली. तो ‘टक्क’ आवाज अजून कानात आहे.

मग ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत गेला तर ब्रिज सुटतोय, तारा लगेच ढिल्या करा. सहा स्टीलच्या तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास असतो. इतकी वर्षं तो सोसून मान, म्हणजे गिटारचा लांब दांडा, वाकणारच. मानेवरच्या बाराव्या पडद्यावर (धातूच्या आडव्या पट्टीवर) तारेखाली अडीच मिलिमीटर अंतर ठीक. चार असेल तर कारागिराकडून ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) बघून घ्या, आणि 10 नंबरच्या हलक्या तारा चढवा.

मान सरळ होत असेल तर ठेवा, माझं मत पक्कं आहे. मामांच्या अंगठ्यानं घासलेली ती जागा 1,200 रुपयांत परत मिळणार नाही. फक्त कूलरच्या झोतात ठेवू नका.