डेटा साफ करण्याआधी रेकॉर्ड रूममध्ये जा

रुग्णालयाचा पाच वर्षांचा डेटा हातात आहे, दोन आठवड्यांत साफ करून मधुमेहाचं संगणकी मॉडेल करायचंय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी 19 वर्षं काम करते. माझं ऐकाल तर पहिला आठवडा त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसा.

आधी जन्मतारखा बघा. 1 जूनची गर्दी दिसेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख ती! ज्या आजी शाळेतच गेल्या नाहीत त्यांना आमच्या खिडकीवरची ताई विचारते, "पानशेत फुटलं तेव्हा केवढ्या होतात?" त्या म्हणतात, "परकर नेसत होते." पानशेत धरण 1961 ला फुटलं, त्यावरून हिशेब करून वय लिहिलं जातं. ते चूक नाही, पण अंदाज आहे हे तुम्हाला ठाऊक हवं.

गरोदरपणात साखर वाढलेली सून तपासण्या हडपसरला करते आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी बार्शीला जाते. तुमच्या फाइलीतून ती मध्येच नाहीशी होते.

सगळ्यात जास्त वेळ जातो कोडिंगला, म्हणजे प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देण्याला. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'एमएस' असतं. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप आकसलीय, की मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार? इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलाय का, कोणत्या युनिटचा रुग्ण, हे केस पेपर उलटून बघावं लागतं. मृत्यूच्या कारणात 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास थांबला, एवढंच लिहिलेलं असतं. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. मग आमची कोडर रेसिडेंट डॉक्टरांना फोन करते, मागचे पेपर काढते, तेव्हा कुठे जुना मधुमेह आणि निकामी झालेली किडनी सापडते. आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतला ई-11 हा टाइप 2 मधुमेहाचा कोड असा मिळतो. तो फोन झाला नसता तर तुमच्या मॉडेलला हा मृत्यू मधुमेहाचा म्हणून कळलाच नसता.

एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचा, रकाना रिकामा दिसला तर कृपा करून सरासरी भरू नका. तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये झालेली असते आणि रिपोर्ट पिशवीत घालून रुग्ण घरी नेतो. कधी पैसेच नसतात.

स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा कोडसंग्रह भारतात विनामूल्य वापरता येतो, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र इथेच पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. पण 'एमएस' म्हणजे काय ते आधी माणसानेच ठरवायचं.

रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीची, परवानगी घ्या, डेटातल्या तीस ओळी छापून न्या आणि प्रत्येकीचा केस पेपर शेजारी ठेवून वाचा. दुपारी तीननंतर जा, तेव्हा ओपीडीची गर्दी ओसरलेली असते. शोधनिबंध छापाल तेव्हा कोडिंग करणाऱ्यांची नावंही त्यात घाला.