फोन चोराकडे, आणि विमा कंपनी म्हणते दोन चाव्या आणा

प्रश्न : कर्वे रोडवरच्या एका मंगल कार्यालयात भाचीच्या लग्नाला गेले होते. पंगतीला बसताना पर्स खुर्चीला अडकवली. उठले तेव्हा आतला फोन नव्हता. तो शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. बाहेर येऊन पाहते तर इलेक्ट्रिक गाडीही नाही! गाडीची किल्ली त्या फोनमध्येच होती. दुसरी किल्ली म्हणजे एक कार्ड, ते घरी कपाटात. यजमानांच्या फोनमध्येही शेअर केलेली किल्ली आहे. त्याच रात्री एफआयआर केला, सकाळी विमा कंपनीला ईमेल. आता कंपनी म्हणते, दोन्ही मूळ चाव्या जमा करा, नाहीतर क्लेम बंद. एजंट सुचवतो, 'एक कार्ड हरवलं असं प्रतिज्ञापत्र द्या.' देऊ का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, देऊ नका. गाडी घेताना एकच कार्ड मिळालं असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर तशी नोंद असणार. कंपनीने ती मागवली की खऱ्या चोरीचा क्लेम एका खोट्या कागदापायी बुडेल, आणि शपथेवर खोटं सांगितल्याचा गुन्हा अंगावर येईल तो वेगळाच.

दोन चाव्या मागायची पद्धत जुनी आहे. गाडी परस्पर विकून चोरीचा बनाव करणाऱ्याकडे बहुधा एक किल्ली कमी भरते, म्हणून कंपन्या ती तपासतात. संशय रास्त आहे, पण तुमची किल्ली खुंटीला टांगायची वस्तूच नाही. ती फोनमध्ये साठवलेली एक नोंद आहे. तेव्हा हिशेबही नोंदीनेच द्यायचा : चोरीच्या वेळी गाडीला किती किल्ल्या जोडलेल्या होत्या, कोणाच्या नावावर, आणि गाडी कोणत्या किल्लीने उघडली. तिन्ही किल्ल्या स्वतःहून सांगा. यजमानांच्या फोनमधली लपवलीत आणि ती नंतर बाहेर आली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

ही नोंद गाडीच्या उत्पादकाकडे मागा, लेखी मागा, आणि 'पुसू नये' असं त्यात स्पष्ट लिहा. असा डेटा कायमचा ठेवला जाईलच असं नाही. दुसरा अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलीस ती नोंद उत्पादकाकडून मागवू शकतात. यजमानांच्या ॲपमध्ये किल्ल्यांची यादी आणि गाडीचं शेवटचं ठिकाण दिसत असेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांना दाखवा, मगच चोरीच्या फोनची किल्ली रद्द करा. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याचे नियम तितके काटेकोर लावत नाही, तरीही जोडा.

आता तुमची दुबळी बाजू. 'फोन लॉक होता' एवढ्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत फोन खिशातून न काढता, लॉक न उघडता किल्ली चालते. सोय म्हणून ती तशीच बनवलेली आहे. पर्स खुर्चीला ठेवून पाठ वळवली आणि किल्ली लगेच रद्द केली नाही, हे दोन मुद्दे कंपनी नक्की काढणार. त्या चाळीस मिनिटांचा हिशेब मात्र तुमच्या बाजूने मांडता येईल. तेव्हा यजमानांनी तुमच्या फोनवर रिंगा दिल्या असतील, तर त्यांच्या कॉल लॉगमध्ये प्रत्येक वेळ आहे. तुम्ही शोधत होतात, स्वस्थ बसला नव्हतात, हे त्यातून दिसतं. आणि निष्काळजीपणा धरला तरी सगळा क्लेम जातोच असं नाही. ड्रायव्हर किल्ली गाडीतच ठेवून उतरला आणि ट्रक चोरीला गेला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये विम्याच्या 75 टक्के रक्कम मालकाला मंजूर केली. तुमची बाजू त्या मालकापेक्षा नक्कीच बळकट आहे.

कंपनीला विचारा, पॉलिसीच्या कोणत्या अटीत 'दोन चाव्या' लिहिलंय? मोटार पॉलिसीच्या नेहमीच्या अटींमध्ये गाडीची वाजवी काळजी घ्या, चोरी झाली तर पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा, असं असतं. ते तुम्ही केलंय. शिवाय जून 2024 च्या परिपत्रकात विमा नियामकाने बजावलंय की कागदपत्रांअभावी क्लेम नाकारायचा नाही. हे वाक्य पत्रात घाला. कार्ड जमा करा, पण पोचपावती घेऊन. पोलिसांकडून 'ए समरी' (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा अहवाल) मिळाली की तीही द्या. आरटीओला चोरीचं पत्र द्या. कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका, बँकेला गाडीच्या चोरीशी देणंघेणं नसतं.

पत्राला महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर नारायण पेठेत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो. नकारापासून एका वर्षात जायचं. दुसरी वाट ग्राहक आयोगाची, तिला मुदत दोन वर्षं. तिथली फी गाडीच्या किमतीवर नाही, तुम्ही भरलेल्या विम्याच्या हप्त्याच्या रकमेवर ठरते, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. मी तुमच्या जागी असते तर आधी लोकपालांकडे गेले असते. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका.

आणि यजमानांना आजच सांगा, जुना फोन बदलायचा विचार असेल तर थांबा. प्रकरण मिटेपर्यंत तो फोन फॉरमॅट करायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही.