माफ केलं, पण विसरता येत नाही: मग ती क्षमा खोटी का?

समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि बहुतेकींच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं असतं: "मी वाईट ख्रिस्ती आहे, मॅडम." इथे सांगितलेलं जोडपं कोल्हापूरचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चौतीस वर्षांची, खासगी लॅबमध्ये काम करणारी. तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. तिच्या आईने लग्नात घातलेल्या दोन बांगड्या त्याने तिला न सांगता पतसंस्थेत गहाण ठेवल्या आणि साठ हजार रुपये धाकट्या भावाला गाडा टाकायला दिले. चुलत बहिणीच्या लग्नाला निघताना तिने कपाट उघडलं, तेव्हा हे कळलं. तो रडला, पाया पडला. महिला मंडळातल्या दोघीतिघींनी तिला समजावलं, "सोड गं, प्रभूनं आपल्याला केवढं माफ केलंय." तिने त्याच आठवड्यात माफ केलं. ती समुपदेशनाला आली तेव्हा चार महिने झाले होते. ती रोज त्याचा मोबाइल बघायची, आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी मागच्या बाकावर बसून राहायची. तो मात्र दर वेळी पुढे जाऊन ते घ्यायचा.

पहिली गाठ शब्दाची होती. 1 करिंथ 13:5 मध्ये मराठी पवित्र शास्त्र (बायबल) म्हणतं, प्रीती 'अपकार स्मरत नाही'. तिने ते शब्दशः धरलं: आठवलं म्हणजे प्रीती नाही. पण मूळ ग्रीक क्रियापद लोगीझोमाई हे हिशेबातलं आहे, म्हणजे खात्यावर मांडणं, गणणं. हेच क्रियापद रोम 4:3 मध्ये अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून 'गणला' गेला, तिथे आहे. ही पत्रं लिहिणारा पौल सांगतोय की झालेलं वाईट नावावर मांडून ठेवू नका. डोक्यातून पुसा, असं तो म्हणत नाही. आठवण येणं हे पाप नव्हे. ती भांडणात बाहेर काढून वापरायची की नाही, हे मात्र आपल्या हातात असतं.

आणि मांडणं तर खरंच चाललं होतं. दुसऱ्या बैठकीला तिने पर्समधून एक छोटी वही काढली, दूधवाल्याच्या हिशेबाला असते तसली. मागच्या पानांवर सतरा नोंदी, तारखांसकट. बांगड्या होत्याच, पण बाळंतपणात सासूबाई काय बोलल्या तेही होतं, आणि तो तिच्या वाढदिवसाला ओव्हरटाइमला गेला तेही. वही फाडून टाका, असं सांगायचा मोह अशा वेळी होतो. तो टाळावा, कारण वही फाटली तरी तोच हिशेब मनात चालू राहतो. तिला प्रत्येक नोंदीपुढे एकच खूण करायला सांगितली: हे अजून भागायचं आहे की भागलं? सतरातल्या चौदा नोंदींवर तिने स्वतःच फुली मारली. उरल्या तीन: पैसे, खोटं बोलणं आणि दीर. पुढचं सगळं काम या तीन नोंदींवर झालं.

उपकार न जाणणाऱ्या दासाचा दाखला (मत्तय 18) तिला महिला मंडळात ऐकवला गेला होता, तो 'तुझं दुःख किती छोटं आहे' अशा सुरात. दाखल्यात राजा एका दासाचं कर्ज माफ करतो, पण तोच दास आपल्या देण्यासाठी सोबतीच्या दासाला तुरुंगात टाकतो. जरा आकडे बघू. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका तालान्ताचे साधारण सहा हजार दिनार. राजाने सोडलेलं कर्ज दहा हजार तालान्त, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. ते कुणालाच फिटणारं नाही. पण सोबतीच्या दासाचं देणं शंभर दिनारांचं आहे. रोजी सहाशे धरली तर साठ हजार. येशूने मुद्दाम असा आकडा घेतला आहे की तो खिशाला जाणवतो. आपल्यावर झालेला अन्याय किरकोळ आहे असं या दाखल्यात कुठेच नाही. ती हे ऐकून बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे साठ हजार साठ हजारच आहेत."

नवऱ्याला तिसऱ्या बैठकीला बोलावलं. त्याने माफी अनेकदा मागितली होती, पण त्या माफीचा साचा असा: "चुकलं असेल तर माफ कर, पण भावाची अडचण होती." 'असेल' आणि 'पण' या दोन शब्दांनी माफीतली हवाच जाते. लूक 15 मधल्या, संपत्ती उधळून बापाकडे परत आलेल्या धाकट्या मुलाचं वाक्य त्याला मोठ्याने वाचायला लावलं. मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही. त्यात दुष्काळाचा उल्लेख नाही, वाईट संगतीचा नाही. त्याने स्वतःचं वाक्य तीनदा बदललं. शेवटचं असं होतं: "तुझ्या आईचं सोनं मी तुला न विचारता ठेवलं आणि कपाटात आहे असं खोटं सांगितलं." पहिल्यांदाच त्याने खोट्याचं नाव घेतलं होतं. तिच्या वहीत ती वेगळी नोंद होती, आणि तिला पैशांपेक्षा तीच जास्त टोचत होती.

मत्तय 5:23-24 त्याच्यासाठी नवीन निघालं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. उठून जायचं आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. मागच्या बाकावर बसायची पाळी तिची नव्हती.

मग भरपाई. गणना 5:7 मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असा नियम आहे. जक्कय नावाचा जकातदार तर फसवून घेतलेल्याच्या चौपट द्यायला निघाला (लूक 19:8). इथे चौपटीची गरज नव्हती, तारखेची होती. पतसंस्थेचं व्याज शंभराला महिना एक रुपया. थकलेलं चार महिन्यांचं 2,400 त्याने आधी भिशीच्या पैशांतून भरलं. पुढे दरमहा पाच हजार मुद्दल आणि उरलेल्या रकमेवरचं व्याज: पहिल्या महिन्यात 5,600, मग दर महिन्याला पन्नास रुपयांनी कमी. बारा हप्त्यांत 63,900 आणि बांगड्या घरी. पावती दहा तारखेला जेवणाच्या टेबलावर त्याने ठेवायची, तिने मागायची नाही. तिने मागितली की ती चौकशी होते. त्याने आपण होऊन दाखवली की विश्वासाला पुन्हा जागा मिळते. क्षमा एका दिवशी देता येते, विश्वास मात्र पावती पावतीने परत येतो, आणि या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे अर्धी घरं अडकून पडतात.

तिच्यासाठी नियम एवढाच: बांगड्यांचा विषय फक्त रविवारी दुपारी, वीस मिनिटं. पाळीवरून दमून आल्यावर नाही, मुलांसमोर नाही, आणि दुसऱ्याच भांडणात तर नाहीच. 'रागात असताना सूर्य मावळू नये' हे इफिस 4:26 चं वचन घेऊन काही जोडपी रात्री एकपर्यंत वाद घालत बसतात. त्यापेक्षा "हे रविवारी बोलू" एवढं ठरवून झोपलेलं बरं. राग मनात साठवू नका, हा त्या वचनाचा रोख आहे.

तिसऱ्या महिन्यात ओव्हरटाइम बंद झाला आणि हप्ता चुकला. दहा तारखेला टेबल रिकामं. ती काही बोलली नाही, पण मोबाइल पुन्हा उघडला. चौदा तारखेला त्याने आपणच सांगितलं की पैसे कमी पडले, वीसला भरतो. वीसला भरले. दहा दिवस उशीर झालाच, पण या घरात न विचारता खरं सांगितलं गेल्याची ती पहिलीच वेळ होती.

गोष्ट बाहेर किती गेली, हाही मुद्दा निघाला. कोल्हापुरात 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले, तेव्हापासूनची इथली ख्रिस्ती मंडळी, पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक. एकीला सांगितलेलं पुढच्या उपासनेपर्यंत सगळ्या बाकांवर पोचतं. भावाने अपराध केला तर काय करावं हे सांगणाऱ्या मत्तय 18:15 ची पहिली पायरी 'तुम्ही दोघे एकान्ती असताना' अशी आहे, मग एक-दोन साक्षीदार, मंडळी, म्हणजे चर्च, सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेर. हात उचलला जात असेल, धमक्या असतील, तर वही, हप्ता, रविवारची वीस मिनिटं, काही लागू नाही. आधी सुरक्षित जागा: 112 किंवा महिलांसाठी 181, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. मार खाऊन गप्प राहणं म्हणजे क्षमा, असं कुणी पाळक सांगत असतील तर ते चूक सांगत आहेत.

आता सात हप्ते गेलेत, बांगड्या अजून पतसंस्थेतच आहेत. दोन हजारांवरचा कुठलाही व्यवहार आधी एकमेकांना सांगायचा, हे दोघांनी मान्य केलं. तरी दिराला पुढच्या बैठकीला आणायचं का, यावर एकमत नाही. तो म्हणतो, "भावाला कशाला मधी?" ती म्हणते, तिसरी नोंद त्याचीच आहे.