बाबांचा आवाज गेला, आता वावराचं काय?

प्रश्न : माझे बाबा ५७ वर्षांचे. घशाचा कॅन्सर निघाला म्हणून चार महिन्यांपूर्वी नागपूरला ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढलं, मग शेकही (रेडिएशन) झाले. आता ते मानेच्या छिद्रातून श्वास घेतात. जेवण बरं आहे, पण वावरात जात नाहीत, कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतात. पाटी-पेन्सिल दिली तर भिरकावली. परवा बियाण्याचा कट्टा धरू लागा म्हटलं तर अर्ध्यातच सोडून दिला. त्यांनी हाय खाल्ली असं मला वाटतं. त्यांना त्रास नको म्हणून आल्यागेल्याला मीच उत्तरं देतो. ते पुन्हा बोलतील का? शेती करतील का?
– एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

(या वेळचं उत्तर आर्वीकडच्या एका निवृत्त एसटी वाहकांचं. त्यांचंही स्वरयंत्र ९ वर्षांपूर्वी काढलेलं आहे.)

उत्तर : भाऊ, आधी कट्ट्याचं सांगतो. बाबांनी हाय खाल्ली असेल, नसेल. पण कट्टा त्यामुळे सुटला नाही. वजन उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो. छातीत हवा अडली की हाताला, कमरेला जोर येतो. ती हवा अडवणारं दार स्वरयंत्रातच असतं. तेच काढलं, तर हवा मानेतून फुस्सकन निघून जाते. पहिल्या वर्षी मला विहिरीची भरली बादली ओढता येत नव्हती आणि आमच्या घरचे म्हणत, "बसून खाची सवय लागली आता." शौचाला जोर लागत नाही, तेही यामुळेच. बाबा हे तुम्हाला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. पाणी, पालेभाजी वाढवा, भागलं नाही तर डॉक्टरांना विचारा. मानेतल्या गाठीही काढल्या असतील तर एखादा खांदा उतरतो. त्याचा व्यायाम असतो, तो शिकून घ्या.

वावरात जाऊ द्या त्यांना. डवऱ्यामागे लक्ष ठेवणं, गुरं, धुऱ्यावरची तूर, मजुरांचा हिशेब, हे सगळं होतं. पण फवारणी नाही म्हणजे नाही. नाक ही आपली चाळणी, हवा गाळते, ओली करते. बाबांची हवा आता गाळल्याशिवाय थेट छातीत जाते. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, आणि ते नाकातोंडाने श्वास घेणारे होते. थ्रेशरजवळही नको, कुटाराचा भुसा फार वाईट. छिद्रावर दुहेरी सुती कापड ओलं करून, पिळून, सैल बांधायचं. विहिरीत, कॅनॉलमध्ये उतरणं कायमचं बंद, आंघोळीला पाणी मानेखालूनच. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की आतला कफ वाळून खपली धरते. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले सलाइनचे थेंब चुकवू नका. आपला पाण्याचा कूलर मात्र या कामी फार गुणाचा निघाला.

छिद्रातून रक्त आलं, छिद्र आवळत गेलं, घास अडकू लागला किंवा मानेत नवी गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. शेक झालेत, तेव्हा थायरॉइडची तपासणीही अधूनमधून करून घ्या.

आता बोलण्याचं. बोलतील. हनुवटीखाली धरायचं बॅटरीचं यंत्र मिळतं, आवाज मशीनसारखा येतो पण समजतो. काही जण अन्ननळीत हवा घेऊन ढेकरेवर बोलायला शिकतात. मला ते सहा महिन्यांत जमलं नाही, नुसत्याच ढेकरा आल्या. मग श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधे छोटा व्हॉल्व्ह बसवला. छिद्रावर बोट दाबलं की हवा अन्ननळीकडे वळते आणि तिथून आवाज निघतो. ऑपरेशनच्या वेळी बसवला नसेल तरी नंतर बसवता येतो. काही महिन्यांनी तो बदलावा लागतो. पाणी पिताना ठसका लागला की समजायचं, गळायला लागला. आणि ते बोट! बांधावरून आलेलं, खताचं, औषधाचं बोट छिद्राला लावायचं नाही. मी खिशात ओला रुमाल ठेवतो.

वासही गेला असेल. नाकातून हवा जातच नाही, मग वास कुठून येणार? ओठ मिटून, तोंडातल्या तोंडात जांभई दिल्यासारखा जबडा आणि जीभ खाली ओढायची, पुन्हा पुन्हा. नाकात थोडी हवा शिरते. तीन आठवडे आरशासमोर वेड्यासारखं करत होतो. एक दिवस लसणाची फोडणी आली, हलकीच. मी चुलीपाशी उभाच राहिलो. तोवर गॅस गळतो का, हे घरच्यांनीच पाहायचं.

बाबांच्या खिशात चिठ्ठी ठेवा : 'मी मानेतून श्वास घेतो, ऑक्सिजन मानेवर लावा.' बेशुद्ध पडले तर लोक तोंडालाच मास्क लावतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वरयंत्र काढल्याने येणारं वाचेचं अपंगत्व स्पष्ट लिहिलेलं आहे.

राहिली पाटी. तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण त्यात बाबांना काय हवं, याची एक ओळ नाही. माझाही मुलगा असाच. कोणी विचारलं, "काकाजी, कसे हाये?" की मी पेन काढेपर्यंत हा सांगून मोकळा, "बरे हाये, जेवतात." तीस वर्षं 'पुढे सरका' ओरडलेला माणूस मी, आणि माझं तिकीट दुसराच फाडायचा. मी बाजेला पितळी घंटी बांधली. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. पहिल्या दिवशी मी त्याला अकरा वेळा थांबवलं. तो चिडला, मग हसला, मग गप्प बसला, आणि मी पाटीवर पूर्ण वाक्य लिहिलं : 'चहात साखर कमी आहे, महिना झाला.'

बाबांना पाटी देऊन तुम्ही तिथेच बसा. त्यांचं लिहून होईपर्यंत तोंड उघडू नका. आणि व्हॉल्व्हचं विचारायला नागपूरला जाल तेव्हा डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत ते बसतील, तुम्ही मागे उभे राहा.