नोरा जोन्सच्या शाळेत मुलीला घालू का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. मुलगी आठवीत आहे, लहानपणापासून कथ्थक शिकतेय. गायिका नोरा जोन्स जिथे शिकली त्या डॅलस डाउनटाउनमधल्या बुकर टी. वॉशिंग्टन या आर्ट्सच्या सरकारी शाळेबद्दल तिने कुठेतरी वाचलं आणि आता नववीला तिथेच जायचं म्हणून हटून बसलीये. फी नाही म्हणतात, ते खरं का? ओळखीतले एकजण म्हणाले की डॅलसमधल्या मित्राचा पत्ता द्या, कोण बघतंय. मिस्टरांचं म्हणणं, नाचाच्या शाळेत गेली तर इंजिनिअरिंगचं काय? काय करू?

उत्तर : आधी पत्त्याचं बोलू, कारण तिथेच गाडी अडणारे. ही शाळा डॅलस आयएसडीची, म्हणजे डॅलसच्या स्कूल डिस्ट्रिक्टची आहे, पैसा त्या डिस्ट्रिक्टच्या करदात्यांचा, आणि त्यामुळे पहिला हक्क त्या हद्दीत राहणाऱ्या मुलांचा. फी नाही हे खरं, पण ते त्यांच्यासाठी. तुमचं घर फ्रिस्को आयएसडीत येतं, म्हणजे तुम्ही बाहेरचे. आणि यात आपल्या लोकांची एक गंमत नेहमी होते, पत्त्यात डॅलस लिहिलंय म्हणजे झालं असं वाटतं, पण नॉर्थ डॅलसचा बराच भाग रिचर्डसन किंवा प्लेनो आयएसडीत आहे, शहर डॅलस आणि शाळा दुसऱ्याची. घर भाड्याने बघणार असाल तर एजंटवर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्या साइटवर घर नंबर टाकून बघा.

मित्राचा पत्ता द्यायचा विचार डोक्यातून काढाच. प्रवेशाच्या कागदावर खोटी माहिती देणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, वर फी वसूल होऊ शकते ती वेगळीच. व्हिसावर असलेल्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये. आणि ज्याची जागा जाते तो कोण असतो तेही बघा ना, डॅलसच्याच ओक क्लिफ भागातलं एखादं पोर, ज्याच्या आईबापांना खाजगी डान्स स्टुडिओची फी कधीच परवडली नसती.

मी हे तावातावाने लिहितेय कारण या शाळेचा इतिहासच तसा आहे. 1922 साली ही इमारत उभी राहिली ती कृष्णवर्णीय मुलांसाठी, आणि बरीच वर्षं शहरात त्यांना हायस्कूल म्हणून तेवढंच एक होतं. पुढे 1970 मध्ये एका बापाने कोर्टात केस घातली की तुमच्या शाळा अजून रंगावरून वेगळ्याच आहेत, ती केस इतकी लांबली की कोर्टाची देखरेख 2003 ला संपली. त्या भांडणातून 1976 मध्ये मॅग्नेट शाळा आल्या. कल्पना साधी, मुलांना जबरदस्तीने बसमध्ये घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्यापेक्षा शाळाच अशी करा की गोरे, काळे, मेक्सिकन सगळे आपणहून ओढले जातील. बुकर टी. त्यातली आर्ट्सची शाळा झाली. गायिका एरिका बाडू इथली, ट्रम्पेटवाला रॉय हारग्रोव्ह इथला, नावाजलेला ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसने त्याला याच शाळेत ऐकलं आणि पुढे त्याचं नशीब पालटलं. आणि नोरा जोन्स, आपल्या पंडित रविशंकरांची मुलगी. ती पण आधी ग्रेपव्हाइनला, म्हणजे तुमच्यासारखीच उपनगरात होती बरं का, पंधराव्या वर्षी आईबरोबर डॅलस शहरात राहायला आली आणि मग या शाळेत गेली. तेव्हा रस्ता आहे, पण तो घर बदलायचा आहे.

आता ऑडिशन. डान्स, म्युझिक, थिएटर आणि व्हिज्युअल आर्ट्स असे चार विभाग आहेत, मूल त्यातल्या एकासाठी ऑडिशन देतं. डान्सचा पाया बॅले आणि मॉडर्न. टीचर एक कॉम्बिनेशन, म्हणजे स्टेप्सची छोटी मालिका, करून दाखवणार, दोनदा बघायचं की लगेच करायचं, परीक्षक कोपऱ्यात वही घेऊन बसलेले. लयीत तुमची मुलगी बऱ्याच जणींना मागे टाकेल, तिहाई मोजून समेवर येणारीला आठचे काउंट म्हणजे काहीच नाही. लक्षात ठेवायची सवयही आहेच. पण शरीराचं काय? कथ्थकमध्ये चक्कर टाचेवर घेतो, बॅलेत टाच वर उचलून चवड्यावर. आपण पाय जमिनीवर आपटतो, वजन खाली सोडतो, तिकडे सगळं वर खेचलेलं, आणि मांड्या कमरेतून बाहेर वळवलेल्या. भरतनाट्यमवाल्या मुलींना निदान अरैमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्यामुळे, ते वळवणं थोडं ओळखीचं असतं, कथ्थकवालीला ते पण नाही. त्यामुळे आत्तापासून बॅलेचा बेसिक क्लास लावा, आणि महिनाभराने तिलाच विचारा की रोज हे करायचंय का. कारण त्या शाळेत रोज तेच आहे, कथ्थक रविवारीच राहणार. मुलीला तो बॅलेच नको असेल तर घर बदलून काय मिळवलं? हा प्रश्न मला तुमच्या इंजिनिअरिंगपेक्षा मोठा वाटतो.

इंजिनिअरिंगचं म्हणाल तर मिस्टरांना सांगा, आल्जिब्रा, बायोलॉजी, इंग्लिश, यूएस हिस्टरी, सगळ्यांच्या राज्याच्या परीक्षा या मुलांनाही द्याव्याच लागतात, डिप्लोमा टेक्ससचाच मिळतो. दार बंद होत नाही. फक्त रिहर्सल संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात, मग होमवर्क. आणि टेक्ससमध्ये वर्गातल्या रँकवर सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेशाचा जो नियम आहे, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला तर तो आणखीच कडक, त्यात लहान शाळेत वरचे नंबर थोडेच असतात, हा हिशेब आधी मांडा. नंतर कुरकुर नको.

राहता राहिला प्रवास. फ्रिस्को डार्टमध्ये, म्हणजे डॅलसच्या बस-ट्रेन सेवेत, नाही, म्हणजे ट्रेनपर्यंत तरी गाडीने सोडावंच लागणार. प्लेनोतून रेड लाइन आहे, शाळेपासून जवळच उतरता येतं. शाळा आर्ट्स डिस्ट्रिक्टमध्ये आहे, मायर्सन सिम्फनी हॉल आणि विन्स्पिअर ऑपेरा पायी जाण्याच्या अंतरावर, जुन्या इमारतीला 2008 मध्ये नवीन भाग जोडलाय. ओपन हाउसला मुलीला घेऊन जा, मिस्टरांनाही न्या.

प्रश्न : मुलगा तबला वाजवतो, फार छान हात आहे. त्याच शाळेत म्युझिकला चालेल का? (अर्व्हिंग)

उत्तर : तबल्यावर ऑडिशनची आशा धरू नका. पर्कशन म्हणजे तिथे स्नेअर, मॅलेट, टिंपनी अशी पाश्चात्त्य तालवाद्यं, आणि समोर ठेवलेला नोटेशनचा कागद बघून तिथल्या तिथे वाजवणं. बोल पाठ करून शिकलेल्या मुलाला हाताची अडचण येत नाही, कागद वाचायची येते. मिडल स्कूलच्या बँडमध्ये घाला, फुकट शिकवतात, तबलाही चालू ठेवा. आणि हो, अर्व्हिंगही डॅलस आयएसडी नाही, वरचं पत्त्याचं पुराण परत वाचा.

प्रश्न : आम्ही पुण्यात असतो. आपल्याकडे अशा मुलांना शाळेत काय फायदा मिळतो?

उत्तर : निम्मा दिवस नाच-गाणं आणि निम्मा दिवस गणित, तेही फुकट, असं पोराला हवं असेल तर आपल्याकडची नेहमीची सोय तशी नाही, शाळा सुटल्यावर क्लास आणि गांधर्वच्या परीक्षा हाच रस्ता. दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे वाढीव गुण मिळतात, ते मात्र सोडू नका. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि मुदत असते. सर्टिफिकेट घरात फाइलला लावून ठेवलं आणि शाळेत दिलंच नाही, अशी पत्रं मला दर जूनमध्ये येतात. तेव्हा दहावीचं वर्ष सुरू झालं की लगेच वर्गशिक्षकांना गाठा, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.