स्पोर्ट्स अँकरिंगमध्ये यायचंय? आधी कान तयार कर

अगं, मेकअप-कपड्यांचं नंतर बघू. लाइव्ह शोमध्ये तू पाहुण्याशी बोलत असतेस आणि त्याच वेळी इअरपीसमधून प्रोड्युसर ब्रेकसाठी दहा, नऊ, आठ मोजत असतो, तरी चेहऱ्यावर काही दिसता कामा नये आणि वाक्य शून्यावर संपलं पाहिजे. म्हणून घरी एका कानात बातम्या लाव आणि मॅचबद्दल बोलत मोबाईलवर रेकॉर्ड कर, रोज.

२००३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपला टीव्ही शोची अँकर मंदिरा बेदी हिच्या प्रश्नांपेक्षा तिच्या साड्या-ब्लाउजचीच चर्चा जास्त झाली, फार अन्याय होता तो. तुझ्याही वाट्याला असलं येईल, पण अभ्यास सोडू नकोस. आणि प्रश्न छोटा विचार, खेळाडूला बोलू दे.